हिने विचारलेले शब्द

२ जानेवारी

चौतीस वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसलो, त्याबद्दल एक डायरी आणि एक पेन मिळालं. पेन पहिल्याच दिवशी गळलं. डायरी वाया जाऊ नये म्हणून लिहितो आहे.

निरोपाच्या भाषणात ग्रंथपाल म्हणाले, "यांच्याबद्दल इत्यंभूत माहिती द्यायची तर दिवस पुरणार नाही." मी तिथल्या तिथे सांगितलं, "इत्थंभूत." ते कसनुसं हसले, बाकी कुणी हसलं नाही. चूक ती चूक. निरोपसमारंभात ती बरोबर ठरत नाही.

संकल्प: रोज एक नवा शब्द आणि एक नवी माहिती. सप्टेंबरात शहराची प्रश्नमंजूषा स्पर्धा आहे, वयाची अट नाही. बघू म्हणावं कोण निवृत्त झालंय ते.

आजचा शब्द: अजागळ. अजा म्हणजे शेळी. शेळीच्या गळ्याला जे दोन निरुपयोगी लोंबते असतात, त्यावरून. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "दूध ठेवलंय गॅसवर, बघता का जरा?" मी शेळीचं पुढचं सांगत होतो. दूध उतू गेलं.

२१ जानेवारी

ग्रंथालयात दिवसाला चाळीस फोन यायचे. पैजा लागलेल्या असायच्या, मी सांगेन तो शेवटचा शब्द. आज घरचा फोन एकदा वाजला आणि तो हिचा होता. आतल्या खोलीत नेऊन दार लावून बोलली. मेहुणी असणार. या दोघी बहिणींना भाजीच्या भावावर तासभर बोलता येतं.

मधमाशीला पाच डोळे असतात. कुणाला सांगू?

९ फेब्रुवारी

आज आमच्या कन्यारत्नाचा वाढदिवस. ही सकाळीच "बहिणीकडे जाते" म्हणून गेली. मला सगळं कळतं, मी बोलत नाही इतकंच.

डायरी खाजगी आहे म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी मुलीने फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी साधा प्रश्न विचारला होता, उष्णता आणि तापमान यांत फरक काय? तो म्हणाला, "बाबा, आम्ही गार होतंय का ते बघतो." मी हसलो. मुलीला ते लागलं. मग तिने मला चार पानी पत्र लिहिलं, लहानपणापासूनचं सगळं उकरून. तेवीस चुका. चौदा तर नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलं आणि खाली लिहिलं, "मजकुराबद्दल पुढच्या वेळी." विनोद होता तो. आमच्या घरात विनोद कळणारं कुणी नाही.

तेव्हापासून पत्र नाही, फोन नाही. पहिलं पाऊल चुकणाऱ्याने टाकायचं असतं.

१९ फेब्रुवारी

आज नवल घडलं. मी पेपर वाचत होतो, ही समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, इनक्युबेटर म्हणजे नेमकं काय असतं?"

छत्तीस वर्षांच्या संसारात हिने मला शब्दाचा अर्थ विचारल्याचं आठवत नाही. मी पेपर बाजूला ठेवला. लॅटिनमध्ये इन्क्युबारे म्हणजे वर निजणं, कोंबडी अंड्यांवर बसते तसं. एकवीस दिवस लागतात, बदकाला अठ्ठावीस. प्राचीन काळीही भट्ट्या पेटवून अंडी उबवायचे. बराच वेळ सांगितलं. ही हातात फडकं धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं," आणि आत गेली.

हिची आवड जागी होते आहे. उशिरा का होईना.

२६ फेब्रुवारी

दुसरा शब्द! "बिलिरुबिन." हा मलाही बघावा लागला. बिलिस म्हणजे पित्त, रूबर म्हणजे लाल. दोन्ही लॅटिन. शब्द कुठून उचलते कोण जाणे. दवाखान्याच्या भिंतीवर वाचला असेल, मेहुणीच्या गुडघ्याचं चाललंय ना.

हिचे डोळे लाल होते. "कांदा," म्हणाली. मी सांगितलं, कांदा चिरला की गंधक असलेला वायू सुटतो, म्हणून पाणी येतं. नंतर पाहिलं तर घरातले कांदे संपलेले होते. मग चिरला कधी?

१४ मार्च

ही रोज दुपारी बहिणीकडे. गुडघ्याच्या ऑपरेशनला एवढे दिवस लागतात हे नव्याने कळलं. मी जेवण झाकलेलं काढून घेतो. भाजी करपलेली असते, बोलत नाही. परवा बोललो तर ही म्हणाली, "हो, करपली," आणि जेवायला बसली. भांडायलाही तयार नाही.

विणायला लागली आहे. इतकं लहान माप, की विचारलं, "बाहुलीसाठी का?"

"हो," म्हणाली.

साठीला आलेली बाई बाहुल्यांचे मोजे विणते. डोक्याला काम नसलं की असं होतं.

२५ मे

बरेच दिवस लिहिलं नाही. शब्द होते, उत्साह नव्हता. बाइंडर रविवारी येतो तेवढाच माणसाचा आवाज. आम्ही ग्रंथालयात एकाच दिवशी लागलो. तो तळघरात पुस्तकं बांधायचा, मी वर ती उघडायचो. सध्या तोही गप्प गप्प असतो. आज हिने चहा दिला तेव्हा तो हळूच म्हणाला, "वहिनी, सगळं ठीक?" आणि ही म्हणाली, "तपासणी झाली. बघू." मी विचारलं, कसली तपासणी? दोघं एकदम म्हणाली, "गुडघ्याची."

संध्याकाळी हिने तिसरा शब्द आणला: कॉक्लिया. हा मला पाठ होता! कानाच्या आतलं वेटोळं. ग्रीकमधून आलेला शब्द, अर्थ गोगलगाय. आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या हलल्या की आपल्याला ऐकू येतं.

ही म्हणाली, "आणि त्या गेल्या तर?"

"गेल्या तर गेल्या. पुन्हा येत नाहीत. पक्ष्यांच्या मात्र येतात, गंमत बघ."

हिने माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "पक्षी नशीबवान." विधानाला शास्त्रीय आधार नाही, पण वहीत नोंदवलं.

११ जून

डेसिबेल. टेलिफोनच्या जनकाच्या नावावरून. मी हिला आणखी एक गंमत सांगितली, की त्या माणसाची आई आणि बायको, दोघींनाही ऐकू येत नव्हतं.

"मग तो घरात बोलायचा कसा?" हिने विचारलं.

"ते माझ्या पुस्तकात दिलेलं नाही."

"तुम्ही शोधाल का?"

"स्पर्धेत असले प्रश्न विचारत नाहीत."

हिने मान हलवली. प्रश्न तसा बरा होता. वेळ झाला की बघेन.

५ ऑगस्ट

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ही बेसिनसमोर उभी राहून हवेत बोटं नाचवत होती. एका हाताची मूठ, दुसऱ्या हाताने काहीतरी झटकल्यासारखं, मग दोन बोटं हनुवटीला. मला पाहून हात पाण्याखाली धरले.

"मुंग्या येतात का?" मी विचारलं.

"हो, जरा."

कॅल्शियम कमी झालं असणार. माणसाच्या एका हातात सत्तावीस हाडं असतात. दोन्ही हात मिळून चौपन्न, म्हणजे अंगातल्या हाडांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. हिला सांगितलं. ही म्हणाली, "एवढी आहेत? म्हणूनच अवघड जातं." आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली, तेही माझ्या माहितीवर.

२० सप्टेंबर

जिंकलो.

सभागृह अर्धं रिकामं होतं, पण जिंकलो. शेवटच्या फेरीत कॉलेजची तीन पोरं आणि मी. प्रश्न आला, तीन हृदयं असलेला प्राणी? माझा हात आधी वर गेला. ऑक्टोपस. रक्त निळं, हेही सांगितलं, न विचारता. ढाल मिळाली. ढालीवर माझ्या नावातली वेलांटी चुकली आहे.

ही आली नाही. आठ दिवस आधीपासून सांगत होतो. सकाळी म्हणाली, "आज मला जायलाच हवं, अहो. नेमकं आजच आहे."

"काय आहे?" असं मी विचारणार होतो, पण बाइंडरची रिक्षा खाली आली होती.

रात्री ढाल टेबलावर ठेवली. हिने पाहिली, पुसली, कपाटावर उभी केली. "छान झालं," म्हणाली. हिचा चेहरा असा उजळलेला होता, की मला वाटलं माझ्यामुळेच. मीही खूश झालो.

१४ ऑक्टोबर

औषधवाल्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. गोळ्यांबरोबर त्याने बटणाएवढ्या सेलचं एक पाकीट पुढे केलं.

"हे आजींनी सांगून ठेवलेले. नातीच्या कानाच्या मशीनचे."

मी म्हणालो, "तुमचा घोटाळा होतोय. आम्हाला नात नाही."

"मग नातू आहे का?" त्याने विचारलं. "आजी तर नात म्हणतात. फोटो पण दाखवला होता."

मागे रांग होती. मी पाकीट घेतलं.

घरी आलो. ही पालेभाजी निवडत बसली होती. मी पाकीट टेबलावर ठेवलं. तिने पाहिलं, पण हात थांबले नाहीत.

"कुणाची नात?"

"आपली."

"कधी?"

"सतरा फेब्रुवारीला. दोन महिने आधीच झाली. एक किलो तीनशे भरली होती. आधी काचेच्या पेटीत, मग कावीळ, मग औषधं. जगली. कान गेले."

"आणि मला कुणी..."

"तिची अट होती. म्हणाली, बाबांनी विचारलं तर सगळं सांग. नाही विचारलं, तर एक शब्द नको."

"अगं, मला माहीतच नाही तर मी विचारणार काय?"

तेव्हा तिने जुडी खाली ठेवली. "मी येऊन विचारलं ना हो तुम्हाला. इनक्युबेटर म्हणजे काय? वाटलं, म्हणाल, का गं, कुणासाठी विचारतेस? तुम्ही कोंबडीवर गेलात."

मी पाकीट उलटसुलट केलं.

"डॉक्टर सांगायचे ते शब्द बसमध्ये पाठ करत यायचे मी. विसरू नयेत म्हणून. प्रत्येक वेळी वाटायचं, आज विचारतील. गोगलगाय सांगितलीत. पक्षी सांगितलेत."

"तू सरळ सांगायचं होतंस."

"हो. सांगायला हवं होतं." तिने पुन्हा जुडी उचलली. "पण नंतर नंतर मलाच बघायचं होतं."

"काय?"

"किती दिवस लागतात ते."

मी स्पर्धेच्या दिवसाचं विचारलं. त्याच दिवशी मशीन बसवलं होतं म्हणे. नर्सच्या हातून ट्रे पडला आणि पोरीने मान वळवली. सगळी खोली रडत होती. मी तेव्हा ऑक्टोपसचं रक्त सांगत होतो.

सुन्न. हा शब्द शून्यापासून आला आहे.

हे मी कशाला लिहिलं?

१६ ऑक्टोबर

बाइंडरला माहीत होतं. दवाखान्याच्या कागदांची फाईल त्यानेच बांधून दिली. वहिनींनी शपथ घातली होती म्हणाला. मेहुणीचा गुडघा ठणठणीत आहे. शेजारच्या शिंपीणबाईंना माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. साऱ्या गल्लीत एक मीच आजोबा झालो नव्हतो.

राग कुणावर काढू हे ठरवायला दोन दिवस लागले. हिच्यावर काढला. ओरडलो, फसवणूक म्हणालो, विश्वासघात म्हणालो. हिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिचं वजन आता किती आहे, विचारणार का?"

तरीही मी ओरडतच होतो. ते वाक्य मला ऐकू आलं ते ही बाहेर निघून गेल्यावर.

९ नोव्हेंबर

परवानगी यायला तीन आठवडे लागले. रविवारी, चार ते पाच. इस्पितळात भेटायची वेळ असते तशी.

हात हलवत कसं जायचं, म्हणून दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, बाळ केवढं? म्हटलं, नऊ महिन्यांचं. त्याने काढून दिलं ते घेतलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. त्यांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते वाजलं तेव्हा कळलं, की मी खुळखुळा घेतला आहे. बहिऱ्या मुलीला. ही एक पायरी पुढे होती. तिने मागे वळून माझ्या खिशाकडे पाहिलं. मी खिशात हात घालून तो घट्ट धरला.

दार मुलीने उघडलं. वाळली आहे. "या," म्हणाली. "बसा. पाणी देऊ का तुम्हाला?"

लहानपणापासून ती मला 'तू' म्हणायची. बाबा, तू चुकतोस, असं तोंडावर म्हणायची. मी तिला कितीदा रागावलो होतो, की वडिलांना अहो-जाहो करावं. आज केलं.

दोन खोल्या. गॅलरीत फ्रीजची दारं एकावर एक रचून ठेवलेली. जावई मोरीत हात धूत होता, बाहेर येऊन "बसा ना बाबा" म्हणाला आणि स्वतः उभा राहिला. पोर चटईवर बसलेली होती. कानांमागे गुलाबी मशीन, कपाळ हिचं. हिने खाली बसून तिच्यापुढे हात हलवले तशी ती खिदळली. मग मुलगी आणि जावई हातांनी काहीतरी बोलले, मग ही त्यांना काहीतरी म्हणाली. तिघांचे हात चालले होते आणि खोलीत चकार शब्द नव्हता. मी त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होतो, पुस्तक उलटं धरल्यासारखा.

मग पोर माझ्याकडे वळली. तोंडाकडे नाही बघितलं. माझ्या कोटाच्या खिशांकडे बघत राहिली.

"हात बाहेर काढा," मुलगी म्हणाली. "ती आधी हात बघते."

"गारठा आहे जरा," मी म्हणालो.

खिडक्या बंद होत्या. जावयाच्या कपाळावर घाम होता. मुलीने पोरीला उचलून आत नेलं.

पाचला पाच कमी असताना आम्ही निघालो.

२३ नोव्हेंबर

हिला विचारलं, तिकडे तुम्ही एकमेकांना हाका कशा मारता? ही म्हणाली, प्रत्येकाची खूण असते. जावयाची पाना फिरवल्यासारखी. हिची वेगळी, मुलीची वेगळी. पोरीची गालाशी. ती आपली आपण घ्यायची नसते, आपल्या माणसांनी द्यायची.

"माझी?"

हिने आधी गॅस बारीक केला. "तुमचं काही सांगायचं असलं, की लेक तुमच्याकडे बोट दाखवते."

"आणि मी तिथे नसलो, तर?"

"मग तुमचं काही निघत नाही, अहो."

हे सांगताना हिने आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

११ डिसेंबर

खुणांच्या वर्गात नाव घातलं. हिलाच विचारलं होतं, मुलीची परवानगी लागेल का? म्हणाली, "वर्ग सगळ्यांचा आहे. कुणीही जावं."

एका शाळेच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरतो. बाकं मुलांची, गुडघे मावत नाहीत. शिकवणाऱ्या बाई पंचविशीच्या, त्यांना स्वतःला ऐकू येत नाही. आम्ही आठ जण. सात तरुण आईबाप आणि मी. आज पाच शब्द शिकवले. माझे तीन चुकले. माझी बोटं चौतीस वर्षं पानं उलटण्यापलीकडे काही शिकली नाहीत. बाईंनी येऊन माझी करंगळी हाताने सरळ केली, पुन्हा करायला लावलं, पुन्हा चुकलो. पुन्हा करंगळी सरळ केली. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, हसूही नव्हतं.

शेवटी बाईंनी प्रत्येकाला आपापली खूण विचारली. ज्यांच्या घरी ठेवली होती त्यांनी करून दाखवली. माझी पाळी आल्यावर मी खडू मागितला आणि फळ्यावर लिहिलं, "अजून ठरलेली नाही." बाईंनी वाचलं, मान डोलावली आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात आलो. पलीकडच्या खोलीत पुढच्या पातळीचा वर्ग चालू होता, हिचा. दार उघडं होतं. चार बायका आणि त्यांच्या मधोमध ही. हात एवढे भराभर चालले होते की मला एकही खूण वेगळी काढता येईना. भुवया वर, मान तिरकी, मग एकदम दोन्ही हात पसरून थांबली. आणि त्या चौघी खो खो हसत सुटल्या. एक तर डोळे पुसायला लागली.

काहीतरी विनोद केला असणार. ही विनोद करते हे मला माहीत नव्हतं. माझ्यावर होता की आणखी कशावर, तेही कळलं नाही. ही बाहेर येईपर्यंत मी जिन्यापाशी उभा राहिलो.

बसमध्ये विचारलं, "मघाशी काय सांगत होतीस त्यांना?"

"कधी?"

"त्या हसल्या तेव्हा."

ही खिडकीबाहेर बघत होती. तिने थोडा विचार केला, हात मांडीवरून उचलले, पुन्हा खाली ठेवले.

"तोंडाने सांगून नाही कळायचं ते," म्हणाली.